जर्मनीत नोकरी मिळाली. पण वेतन कोठे जमा होणार?
नवागत भारतीय कामगारांसाठी बँक खात्याचे नियम, हक्क आणि दक्षता

परदेशी नोकरीचे नियुक्तिपत्र हाती पडते तेव्हा वेतनाचा आकडा प्रत्येकाच्या लक्षात राहतो. ते वेतन नेमके कोठे जमा होणार, हा प्रश्न मात्र बहुतेकांना विमानातून उतरल्यानंतरच पडतो. जर्मनीत गेलेल्या भारतीय परिचारिका, तंत्रज्ञ, वाहनचालक आणि संगणक अभियंते यांच्या पहिल्या काही आठवड्यांतील सर्वांत मोठी अडचण अनेकदा हीच असते.

या अडचणीचे स्वरूप चक्राकार आहे. वेतन देण्यासाठी नियोक्ता खाते क्रमांक मागतो. खाते उघडण्यासाठी बँक बहुधा निवास नोंदणीचे प्रमाणपत्र मागते. नोंदणीसाठी घरमालकाचे लेखी निवेदन लागते. घर भाड्याने देण्यापूर्वी घरमालक वेतनाचा पुरावा पाहतो आणि अनामत रक्कम बँकेमार्फत मागतो. प्रत्येक दार उघडण्याची किल्ली दुसऱ्या दारामागे ठेवलेली असते. या चक्रात अडकलेला माणूस मग रोखीने व्यवहार करू लागतो, ओळखीच्या माणसाच्या खात्यात वेतन घेतो किंवा एखाद्या मध्यस्थाला पैसे मोजतो. फसवणुकीची सुरुवात बहुधा येथूनच होते.

हे चक्र तोडण्याची तरतूद कायद्यातच आहे. युरोपीय संघात कायदेशीर वास्तव्य असलेल्या प्रत्येक व्यक्तीला जर्मनीत मूलभूत बँक खाते मिळण्याचा हक्क 19 जून 2016 पासून आहे. कायमचा पत्ता नसलेल्या व्यक्तीलाही तो लागू होतो. मात्र हा हक्क आपोआप पदरात पडत नाही. तो नाव घेऊन मागावा लागतो.

भारतासाठी या विषयाचे महत्त्व

भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतर आणि गतिशीलता भागीदारीचा करार 5 डिसेंबर 2022 रोजी नवी दिल्लीत झाला. ऑक्टोबर 2024 मध्ये जर्मन सरकारने कुशल भारतीय कामगारांना दरवर्षी देण्यात येणाऱ्या व्हिसांची संख्या 20 हजारांवरून 90 हजारांपर्यंत वाढविण्याची तयारी जाहीर केली. केरळ शासनाची 'नोर्का रूट्स' ही संस्था जर्मन यंत्रणांच्या सहकार्याने परिचारिकांना तेथे पाठविते. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत सामंजस्य करार केला.

अशा उपक्रमांत भाषा, व्यवसाय प्रशिक्षण आणि व्हिसा यांवर स्वाभाविकपणे भर असतो. परंतु वेतनाचा पहिला युरो कामगाराच्या स्वतःच्या नावावर जमा होईपर्यंत त्याची आर्थिक स्वायत्तता अपुरीच असते. गावाकडील कर्जाचे हप्ते, कुटुंबाचा खर्च आणि तेथील घरभाडे या तिन्हींचा भार त्या एका खात्यावर असतो.

खाते कोणते आणि कशासाठी?

भारतात सर्वसामान्य नोकरदाराचे व्यवहार बचत खात्यातून चालतात आणि 'चालू खाते' म्हटले की व्यापारी आठवतो. जर्मनीत ही विभागणी वेगळी आहे. तेथे दैनंदिन व्यवहारांसाठी 'गिरोकोंटो' नावाचे खाते असते. वेतन त्यात जमा होते. भाडे, वीज आणि दूरध्वनीची देयके त्यातून जातात. त्यातील शिल्लकेवर सहसा व्याज मिळत नाही. उलट अनेक बँका त्यासाठी मासिक शुल्क आकारतात. बचतीसाठी वेगळे खाते उघडावे लागते.

'स्पेरकोंटो' म्हणजे रोखून ठेवलेल्या रकमेचे खाते ही याहून निराळी गोष्ट आहे. विद्यार्थी, तसेच नोकरीच्या शोधात 'संधी कार्ड' घेऊन जाणाऱ्या व्यक्ती निर्वाहाच्या साधनांचा पुरावा म्हणून व्हिसापूर्वी असे खाते उघडतात. त्यातील रक्कम दरमहा ठरावीक हप्त्याने मोकळी होते, पण ती जमा होण्यासाठीही गिरोकोंटो लागतेच. नोकरीचा करार हाती असलेल्या कामगाराला सहसा स्पेरकोंटोची गरज नसते. एखादा मध्यस्थ त्यासाठी पैसे मागत असेल, तर ते खाते खरोखर आवश्यक आहे काय, याची खात्री जर्मन दूतावासाच्या अधिकृत माहितीवरून करून घ्यावी.

कागदपत्रांचा योग्य क्रम

जर्मनीत घरात राहावयास गेल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत स्थानिक नागरिक कार्यालयात निवास नोंदणी करणे बंधनकारक आहे. या नोंदणीला 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी पासपोर्ट आणि घर देणाऱ्या व्यक्तीचे लेखी निवेदन लागते. नोव्हेंबर 2015 पासून हे निवेदन सक्तीचे आहे आणि ते देणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. केवळ भाडेकरार दाखवून काम भागत नाही. नियोक्त्याने निवासाची सोय केली असेल, तर निवेदन कोण देणार हे प्रवासापूर्वीच विचारून घेणे श्रेयस्कर ठरते.

नोंदणी होताच प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर काही आठवड्यांत केंद्रीय कर कार्यालयाकडून 11 अंकी कर ओळख क्रमांक टपालाने येतो. तो आयुष्यभरासाठी एकच असतो. नियोक्ता आणि बँक या दोघांनाही तो द्यावा लागतो. नियोक्त्याला तो न मिळाल्यास कालांतराने सर्वाधिक कपातीच्या सहाव्या करवर्गानुसार वेतनातून कर कापला जाऊ शकतो. जादा कापलेला कर पुढे परत मिळविता येतो, पण नवख्या माणसाचे पहिल्या महिन्यांचे गणित त्यामुळे बिघडते.

बँकेत जाताना पासपोर्ट, त्यावरील राष्ट्रीय व्हिसा किंवा निवास परवाना, नोंदणीचे प्रमाणपत्र आणि नोकरीचा करार सोबत असावा. ऑनलाइन अर्ज केल्यास ओळख पडताळणीचे दोन मार्ग असतात. एकात टपाल कार्यालयात जाऊन पासपोर्ट दाखवावा लागतो. दुसऱ्यात व्हिडिओ संवादातून पडताळणी होते. काही बँकांची व्हिडिओ पडताळणी सर्व देशांचे पासपोर्ट स्वीकारत नाही. त्यामुळे अर्ज अर्धवट अडला, तर तो नाकारला गेला असे समजू नये. टपाल कार्यालयाचा किंवा प्रत्यक्ष शाखेचा मार्ग खुला असतो.

मोठ्या शहरांत नागरिक कार्यालयाची भेटीची वेळ मिळण्यास काही आठवडे लागू शकतात. दरम्यानच्या काळात पगाराची तारीख उलटते. नेमक्या याच टप्प्यावर मूलभूत खात्याची तरतूद उपयोगी पडते.

मूलभूत खात्याचा हक्क

युरोपीय संघाने 2014 मध्ये बँक खात्यांविषयीचा निर्देश संमत केला. त्यानुसार जर्मनीने केलेल्या कायद्याने 'बाझिसकोंटो' म्हणजे मूलभूत खाते अस्तित्वात आले. सर्वसामान्य ग्राहकांना व्यवहार खाती देणाऱ्या प्रत्येक बँकेला ते द्यावे लागते. आश्रय मागणाऱ्या व्यक्ती, बेघर व्यक्ती आणि नुकतेच आलेले परदेशी कामगार या सर्वांना तो हक्क आहे.

या खात्यात रोख रक्कम भरता आणि काढता येते, वेतन स्वीकारता येते, पैसे हस्तांतरित करता येतात, दरमहाचे स्थायी आदेश देता येतात आणि कार्डाने खरेदी करता येते. शिल्लकेपेक्षा अधिक रक्कम काढण्याची म्हणजे अधिकर्षाची सुविधा देण्याचे बंधन मात्र बँकेवर नाही. खाते देताना विमा किंवा अन्य योजना घेण्याची अटही घालता येत नाही.

पत्त्याच्या बाबतीत ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे. पैशांच्या अवैध व्यवहारांना प्रतिबंध करणाऱ्या जर्मन कायद्यानुसार बँकेने खातेदाराची ओळख पटवून त्याचा पत्ता नोंदविणे आवश्यक असते. परंतु मूलभूत खात्याच्या बाबतीत, कायमचे निवासस्थान नसलेल्या व्यक्तीचा टपाल पोहोचू शकेल असा पत्ताही चालतो. आरंभी वर उल्लेखलेले चक्र कायद्याने येथे तोडले आहे.

व्यवहारात फरक पडतो तो शब्दाने. बँकेत जाऊन नुसते 'खाते उघडावयाचे आहे' असे सांगितले, तर कर्मचारी साध्या गिरोकोंटोचा अर्ज पुढे करतो. तो नाकारण्याची मुभा बँकेला आहे. 'बाझिसकोंटो' हा शब्द उच्चारून त्यासाठीचा विहित नमुन्यातील अर्ज मागितला की कायदेशीर बंधन लागू होते. अर्ज मिळाल्याची पोच त्याच्या प्रतीसह देणे बँकेवर बंधनकारक आहे. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत बँकेने खात्याचा करार देऊ केला पाहिजे किंवा कारणांसह नकार कळविला पाहिजे. पोच जपून ठेवण्याचे महत्त्व यातच आहे. मुदत तिच्यावरील तारखेपासून मोजता येते.

शुल्क आकारण्याची परवानगी बँकांना आहे, परंतु ते वाजवी असावे अशी अट आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 30 जून 2020 रोजी एका मोठ्या बँकेचे मूलभूत खात्यासाठीचे दरमहा 8.99 युरोचे शुल्क अवैध ठरविले. अशा खातेदारांना सेवा देण्याचा जादा खर्च केवळ त्यांच्याच माथी मारता येणार नाही, असा या निकालाचा गाभा होता.

नकार मिळाल्यास

नकाराची कारणे कायद्याने मर्यादित केली आहेत. अर्जदाराचे जर्मनीत आधीच वापरता येण्याजोगे खाते असणे, बँकेविरुद्ध गुन्हा केल्याबद्दल अलीकडच्या काळात शिक्षा झालेली असणे, पूर्वीचे मूलभूत खाते थकबाकीमुळे किंवा बेकायदा वापरामुळे बंद झालेले असणे, अशी ती कारणे आहेत. भाषा न येणे, नोकरी नवी असणे, उत्पन्न कमी असणे किंवा पतनोंद नसणे ही नकाराची वैध कारणे ठरत नाहीत.

नकार लेखी मागावा. त्यानंतर जर्मनीच्या वित्तीय पर्यवेक्षण प्राधिकरणाकडे, म्हणजे 'बाफिन'कडे प्रशासकीय कार्यवाहीसाठी अर्ज करता येतो. बँकेने नकार अन्यायाने दिला असे आढळल्यास हे प्राधिकरण खाते उघडण्याचा आदेश देऊ शकते. अर्जाकडे बँकेने दुर्लक्ष केले, तरीही हाच मार्ग उपलब्ध असतो. स्थलांतरितांना सल्ला देणारी केंद्रे आणि ग्राहक संरक्षण केंद्रे अशा अर्जांसाठी साह्य करतात.

खाते उघडण्यास विलंब झाला म्हणून केलेल्या कामाच्या वेतनावरील हक्क संपत नाही. किमान वेतनाच्या कायद्यानुसार ते वेतन कामाच्या महिन्यानंतरच्या महिन्याच्या शेवटच्या बँक कामकाजाच्या दिवसापर्यंत दिले गेले पाहिजे. 1 जानेवारी 2026 पासून किमान वेतनाचा दर ताशी 13.90 युरो आहे. वेतनाचा तपशील देणारी पावती मागण्याचाही कामगाराला हक्क आहे.

नाव, टपालपेटी आणि 22 अक्षरे

जर्मन खात्याची ओळख 'आयबान' या आंतरराष्ट्रीय क्रमांकाने होते. त्यात 22 अक्षरे असतात: आरंभी देशाची 'डी' आणि 'ई' ही दोन रोमन अक्षरे, नंतर दोन पडताळणी अंक, मग बँकेचे आठ अंक आणि शेवटी खात्याचे दहा अंक. नियोक्त्याला हाच क्रमांक द्यावयाचा असतो. युरोपातील दुसऱ्या देशात उघडलेल्या युरो खात्याचा क्रमांक दिला, तरी तो केवळ परदेशी आहे म्हणून नाकारता येत नाही. युरोपीय संघाच्या नियमांनी असा भेदभाव निषिद्ध ठरविला आहे. काही मोबाइल बँकांची खाती अशी असतात, त्यामुळे ही माहिती उपयुक्त ठरते.

भारतीयांच्या, विशेषतः महाराष्ट्रातील लोकांच्या बाबतीत नावाचा प्रश्न वारंवार उद्भवतो. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात. पासपोर्टवर पहिली दोन पदे अनेकदा एकत्रच 'दिलेले नाव' या रकान्यात येतात. जर्मन बँक ती दोन्ही पदे खातेदाराचीच नावे समजते. दक्षिण भारतातील अनेकांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराही असतो. युरो क्षेत्रातील बँकांना 9 ऑक्टोबर 2025 पासून पैसे पाठविण्यापूर्वी खाते क्रमांक आणि प्राप्तकर्त्याचे नाव यांचा मेळ तपासून पैसे पाठविणाऱ्यास कळवावे लागते. म्हणून नोकरीचा करार, निवास नोंदणी आणि बँक खाते या तिन्ही ठिकाणी नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः एकसारखे असावे. वेतन विभागाला आयबान देताना खात्यावरील नावही लिहून द्यावे.

आणखी एक साधी वाटणारी गोष्ट अनेकांचे दिवस वाया घालविते. बँकेचे कार्ड आणि त्याचा गुप्त क्रमांक सहसा दोन वेगवेगळ्या लिफाफ्यांतून टपालाने येतात. जर्मनीत टपालपेटीवर नाव नसेल, तर पत्र परत जाण्याचा संभव असतो. घर सामायिक असो वा नियोक्त्याने दिलेले, पहिल्याच दिवशी टपालपेटीवर स्वतःचे नाव लावावे. कर ओळख क्रमांकाचे पत्रही त्याच पेटीत येणार असते.

खाते चालविताना

भाड्यासाठी 'डावरआउफट्राग' म्हणजे स्थायी आदेश देण्याची पद्धत रूढ आहे. ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम आपोआप जाते. बदलत्या रकमेच्या देयकांसाठी 'लास्टश्रिफ्ट' ही थेट वसुलीची पद्धत वापरली जाते. तीत संबंधित कंपनीला खात्यातून रक्कम घेण्याची पूर्वसंमती दिलेली असते. ग्राहकाच्या दृष्टीने तिचे वैशिष्ट्य म्हणजे अशी वसुली झाल्यापासून आठ आठवड्यांत कारण न देता ती बँकेमार्फत परत घेता येते. संमतीच नसेल, तर ही मुदत 13 महिन्यांची असते. प्रत्यक्षात देणे असलेली रक्कम परत घेतल्यास कंपनीचा दावा मात्र कायम राहतो. म्हणून दर आठवड्यास खात्याचे विवरण पाहण्याची सवय लावून घ्यावी.

निवास नोंदणीनंतर सार्वजनिक प्रसारण शुल्काचे पत्र येते. दरमहा 18.36 युरोचे हे शुल्क दर घरामागे असते, दर माणशी नव्हे. एकाच घरात राहणाऱ्यांपैकी एकाने ते भरले की पुरे. नवागतांना हे पत्र फसवणुकीचे वाटते आणि ते बाजूला ठेवले जाते. पुढे थकबाकी वाढते.

घराची अनामत रक्कम मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा अधिक असू शकत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. घर न पाहता, करारावर स्वाक्षरी न होता कोणाच्याही खात्यात अनामत पाठवू नये. दूरच्या देशातील खात्यात पैसे मागून किल्ली टपालाने पाठविण्याचे आश्वासन देणे, हा जर्मन शहरांतील भाडे फसवणुकीचा परिचित प्रकार आहे.

घरमालक अनेकदा 'शूफा' या पतमाहिती संस्थेचा अहवाल मागतात. 1927 मध्ये बर्लिनमध्ये स्थापन झालेली ही संस्था व्यक्तीच्या आर्थिक व्यवहारांच्या नोंदी ठेवते. नव्याने आलेल्या माणसाची नोंदच नसते. नोंद नसणे म्हणजे वाईट पत असणे नव्हे. अशा वेळी नोकरीचा करार आणि पहिल्या महिन्यांच्या वेतनपावत्या घरमालकापुढे ठेवता येतात. आपल्याविषयी कोणती माहिती साठविली आहे, याची प्रत विनामूल्य मागण्याचा हक्क युरोपीय माहिती संरक्षण नियमांनी दिला आहे. साध्या गिरोकोंटोला जोडून मिळणाऱ्या अधिकर्षावर व्याज बरेच अधिक असते. त्याचा उपयोग नित्याचा होऊ लागला, तर वेतनातील मोठा भाग व्याजातच जातो.

बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत एक लाख युरोपर्यंत कायदेशीर संरक्षण आहे.

खाते दुसऱ्याच्या हाती देऊ नये

नवागतांना दोन उलटसुलट मोह पडतात. स्वतःचे खाते नसताना मित्राच्या खात्यात वेतन घेणे हा पहिला. त्यात वेतनाचा पुरावा आणि पैशावरील ताबा दोन्ही दुसऱ्याच्या हाती जातात. मैत्री बिघडली की तक्रार करणेही कठीण होते. स्वतःचे खाते उघडल्यावर ते दुसऱ्याला वापरू देणे हा दुसरा मोह अधिक धोकादायक आहे. 'तुमच्या खात्यात काही रक्कम येईल, थोडे कमिशन ठेवून उरलेली पुढे पाठवा' अशा घरबसल्या कामाच्या जाहिराती समाजमाध्यमांवर दिसतात. अशी रक्कम बहुधा फसवणुकीतून आलेली असते. जर्मन दंडसंहितेनुसार अवैध पैशाचे हस्तांतरण हा गुन्हा आहे आणि केवळ गंभीर निष्काळजीपणाही त्यासाठी पुरेसा ठरू शकतो. अशा प्रकरणात खाते तर बंद होतेच. निवास परवानाही धोक्यात येऊ शकतो.

खाते उघडून देण्याच्या बदल्यात पैसे, पासपोर्ट किंवा मोबाइलवरील गुप्त संकेत मागणाऱ्या मध्यस्थापासूनही दूर राहावे. मूलभूत खात्याच्या अर्जासाठी मध्यस्थाची गरज नसते.

भारतातील खात्याचे काय?

नोकरीसाठी परदेशी गेलेली व्यक्ती परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी ठरते. अशा वेळी भारतातील साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते अनिवासी सामान्य, म्हणजे 'एनआरओ' खात्यात रूपांतरित करावे लागते. भारतातील भाडे, शेतीचे उत्पन्न किंवा ठेवींचे व्याज अशी मिळकत त्यात जमा होते. परदेशातील कमाई भारतात ठेवण्यासाठी 'एनआरई' खाते असते. त्यातील रक्कम पुन्हा परदेशी नेण्यास मर्यादा नाही, तर एनआरओ खात्यातून एका आर्थिक वर्षात दहा लाख अमेरिकी डॉलरपर्यंतची रक्कम नेता येते.

एनआरई खात्यावरील व्याज अनिवासी व्यक्तीसाठी भारतात करमुक्त आहे. मात्र जर्मनीचा रहिवासी झालेल्या व्यक्तीचे जगभरातील उत्पन्न तेथील करकायद्याच्या कक्षेत येते. 'भारतात करमुक्त' म्हणजे 'सर्वत्र करमुक्त' असा अर्थ काढू नये. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार अस्तित्वात असून त्यानुसार सवलती मागता येतात.

भारतीय खात्यांचे एकवेळचे संकेतांक भारतातील मोबाइल क्रमांकावर येतात. तो क्रमांक बंद पडला, तर घरच्या खात्याचे दारही बंद होते. निघण्यापूर्वी तो परदेशात चालू राहील अशी व्यवस्था करावी.

जागतिक बँकेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी पाठविलेली रक्कम 100 अब्ज डॉलरच्या पुढे गेली. हा टप्पा ओलांडणारा भारत हा पहिला देश ठरला. या प्रवाहातील प्रत्येक हप्त्यावर दोन प्रकारचा खर्च असतो. शुल्क उघड दिसते. विनिमय दरातील फरक दिसत नाही. एक हजार युरो पाठविताना दर युरोमागे एक रुपया कमी मिळाला, तर 'विनाशुल्क' सेवेतही एक हजार रुपये गेलेले असतात. म्हणून शुल्काचा आकडा न पाहता घरी प्रत्यक्ष किती रुपये पोहोचणार, याची तुलना करावी.

निघण्यापूर्वीची तयारी

पहिले वेतन हाती येण्यास एक ते दोन महिने लागू शकतात, हे गृहीत धरून खर्चाची तजवीज करावी. भारतातून जाताना दर प्रवासात तीन हजार अमेरिकी डॉलरपर्यंतच परकीय चलन नोटांच्या रूपात नेता येते. उर्वरित रक्कम प्रवासी कार्डावर ठेवता येते. दहा हजार युरो किंवा त्याहून अधिक रोख घेऊन युरोपीय संघात प्रवेश करणाऱ्याने तिची नोंद सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे करणे बंधनकारक आहे.

नियोक्त्याला तीन प्रश्न लेखी विचारून ठेवावेत: निवासाचे निवेदन कोण देणार, वेतनाची तारीख कोणती, आणि खाते उघडण्यास विलंब झाल्यास पहिले वेतन कसे मिळणार. नामांकित नियोक्ते अनेकदा स्वतःच स्थानिक बँकेशी भेट ठरवून देतात. तसे असेल, तरी खाते कामगाराच्या एकट्याच्या नावावर असावे आणि कार्ड, गुप्त क्रमांक तसेच मोबाइल ॲप त्याच्याच ताब्यात असावे.

नोकरी संपवून मायदेशी परतताना खाते तसेच सोडून येण्याची चूक अनेकांकडून होते. मासिक शुल्क चालू राहते, जुन्या संमतीनुसार वसुल्या होत राहतात आणि शिल्लक ऋण होते. शेवटचे वेतन, अनामत रकमेचा परतावा आणि कराचा परतावा जमा होईपर्यंत खाते चालू ठेवावे. त्यानंतर लेखी सूचना देऊन ते बंद करावे आणि बंद झाल्याचे पत्र जपून ठेवावे.

परदेशी रोजगारासाठी तरुणांना तयार करणाऱ्या वर्गांतून जर्मन भाषेचे व्याकरण शिकविले जाते, रुग्णाशी किंवा ग्राहकाशी बोलावयाची वाक्ये घोकून घेतली जातात. त्यांच्या जोडीला मूलभूत खात्याचा अर्ज एकदा भरून घेतला, तर तेथे पोहोचणाऱ्या कामगाराला बँकेच्या खिडकीपुढे कोणाची मनधरणी करावी लागणार नाही. जो हक्क 2016 पासून कायद्यात आहे, तो मागण्यासाठी त्याला एक जर्मन शब्द आणि अर्जाची पोच एवढेच पुरेसे ठरेल.